सीताफळाच्या पेशीकडून कर्करोगाच्या पेशीकडे… कोण होत्या डॉ. कमल रणदिवे?

परळी तालुक्यातील सिरसाळ्याची शाळा असो वा मुंबईची, माध्यमिक शाळेच्या विज्ञानात एक प्रात्यक्षिक ठरलेले असते. एका काचपट्टीवर कांद्याचा पापुद्रा, दुसरीवर गालाच्या आतून हलक्या हाताने खरवडून घेतलेल्या पेशी. पहिलीवर आयोडीनचा थेंब टाकायचा, दुसरीवर मिथिलिन ब्लूचा. सूक्ष्मदर्शीखाली दोन्ही पाहायच्या, वहीत दोन आकृत्या काढायच्या आणि फरकाचा तक्ता लिहायचा. बहुतेकांचा पेशींशी संबंध तिथेच संपतो. पुण्यात जन्मलेल्या एका मराठी मुलीने मात्र यातल्या पहिल्या काचपट्टीपासून सुरुवात केली आणि पुढचे सारे आयुष्य दुसरीवर घालवले. वनस्पतीच्या पेशी अभ्यासून त्या कर्करोगाच्या पेशींपर्यंत कशा पोहोचल्या, आणि त्यांचे काम मराठवाड्यातील गावखेड्यांसाठी आजही का महत्त्वाचे आहे, याविषयी…

दोन काचपट्ट्यांवर नेमके काय दिसते?

कांद्याच्या पापुद्र्यात विटांच्या भिंतीसारख्या लांबट, चौकटीत बसवलेल्या पेशी दिसतात. प्रत्येक पेशीभोवती सेल्युलोजची टणक पेशीभित्तिका असते. पेशीच्या मधोमध पाण्याने भरलेली मोठी रिक्तिका असते, त्यामुळे केंद्रक कडेला ढकललेले दिसते. गालाच्या पेशी वेगळ्या. त्या आकाराने लहान, पसरट आणि वेड्यावाकड्या कडांच्या असतात, एकमेकींवर पडलेल्या दिसतात. त्यांना भित्तिका नसते, फक्त पातळ पेशीपटल असते. केंद्रक साधारण मध्यभागी, गडद निळ्या ठिपक्यासारखे.

हरितलवके वनस्पतीच्या पेशीत असतात, प्राण्याच्या नाही, असे पुस्तकात लिहिलेले असते. पण कांद्याच्या पापुद्र्यात ती दिसत नाहीत, कारण कांदा जमिनीखाली वाढतो आणि त्याला प्रकाश मिळत नाही. हरितलवके पाहायची तर पान घ्यावे लागते.

हे झाले फरक. साम्य त्याहून मोठे आहे. दोन्हीकडे केंद्रक आहे, केंद्रकात गुणसूत्रे आहेत आणि पेशी दुभंगताना ती गुणसूत्रे दोन्हीकडे जवळपास एकाच पद्धतीने वाटली जातात. १८३८ मध्ये मॅथियास श्लायडेन यांनी वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात, असे मांडले. पुढच्याच वर्षी थिओडोर श्वान यांनी प्राण्यांबाबत तेच दाखवले. झाड आणि जनावर यांना जोडणारा हा धागा हाती नसता, तर वनस्पतीच्या पेशींवर शिकलेले डोळे कर्करोगाकडे वळू शकले नसते.

पुण्यातील घरातून काय मिळाले?

कमल यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रय समर्थ हे जीवशास्त्राचे अभ्यासक आणि फर्ग्युसन महाविद्यालयात प्राध्यापक होते. आईचे नाव शांताबाई. मुलींना शिकवायचे की नाही यावर घराघरांत वाद होत असण्याचा तो काळ. समर्थांच्या घरी तो प्रश्न नव्हता. कमल यांचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले.

मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. कमल यांनी दोन्ही ऐकले नाही. त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय घेऊन विशेष प्रावीण्यासह पदवी मिळवली. पुढच्या शिक्षणासाठी त्यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश घेतला. १३ मे १९३९ रोजी गणिताचे अभ्यासक ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लग्नानंतर त्या मुंबईला आल्या, तरी शिक्षण थांबले नाही. पदव्युत्तर अभ्यासात पतीने त्यांना मदत केली.

अभ्यासाला सीताफळाचे कुळ का?

१९४३ मध्ये कमल यांनी एमएस्सी पूर्ण केले. विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींची पेशी-आनुवंशिकी, म्हणजे सायटोजेनेटिक्स. सीताफळ, रामफळ, हनुमानफळ ही या कुळातली ओळखीची फळे, तर हिरवा चाफाही याच कुळातला.

बीड जिल्ह्यातील वाचकांना सीताफळाची ओळख करून द्यायची गरज नाही. बालाघाटच्या डोंगरउतारांवर ते आपोआप वाढते आणि बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण या फळाकडे केंद्रकाच्या आत डोकावून पाहता येते, हे फार थोड्यांना माहीत असते.

ते कसे पाहतात? मुळाचे कोवळे टोक किंवा उमलण्याआधीची कळी घेतात, कारण तिथे पेशी सतत दुभंगत असतात. रसायनात बुडवून पेशींची हालचाल त्या क्षणी थांबवतात. मग गुणसूत्रांना रंग देऊन सूक्ष्मदर्शीखाली एकेक पेशी शोधतात. गुणसूत्रे सुटी आणि स्पष्ट दिसतील अशा अवस्थेतली पेशी सापडली की ती मोजतात, त्यांचा आकार टिपतात. सीताफळात ती १४ असतात, कांद्यात १६. कोणती जात कोणाच्या जवळची, संकर फळेल की वांझ निघेल, याचा अंदाज अशा मोजणीतून बांधता येतो.

काम किचकट असते. डोळा आणि संयम दोन्ही लागतात. निरोगी विभाजन कसे दिसते हे हजारो पेशींत पाहिलेल्या माणसाला बिघडलेले विभाजन चटकन ओळखू येते. कमल यांना पुढे हीच शिदोरी उपयोगी पडली.

वनस्पती सोडून कर्करोगाकडे कशा वळल्या?

मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले होते. नामवंत विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर तिथे प्रयोगशाळा उभी करत होते. कमल रणदिवे त्यांच्याकडे काम करू लागल्या. काचपट्टीवर आता फुलाच्या कळीऐवजी उंदराच्या आणि माणसाच्या ऊती आल्या. गुणसूत्रांची संख्याही बदलली: उंदरात ४०, माणसात ४६. (माणसाचा हा आकडा पक्का ठरला तो १९५६ मध्ये. त्याआधी तो ४८ मानला जाई.)

कर्करोग म्हणजे मुळात पेशीविभाजनाची शिस्त मोडणे. एक पेशी थांबायचे तिथे थांबत नाही, तिच्या लेकी-नातीही थांबत नाहीत आणि गाठ वाढत जाते. अशा पेशींत गुणसूत्रांची संख्या अनेकदा कमी-जास्त झालेली असते. केंद्रक फुगलेले, वेडेवाकडे आणि गडद दिसते. म्हणजे प्रश्न केंद्रकाचा आणि विभाजनाचाच होता, फक्त सजीव बदलला होता. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून कमल यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली.

झाडांना कर्करोग होतो का?

झाडांनाही गाठी येतात. ॲग्रोबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूमुळे द्राक्ष, गुलाब, बदाम अशा अनेक वनस्पतींच्या खोडावर आणि मुळांवर गाठी वाढतात. तिथल्या पेशी बेसुमार दुभंगतात. तरीही त्या गाठीतली पेशी सुटून दुसऱ्या फांदीवर जाऊन बसत नाही.

याचे कारण शाळेच्या तक्त्यातल्या पहिल्याच ओळीत आहे. वनस्पतीच्या पेशीला भिंत असते आणि ती भिंत शेजारच्या पेशीच्या भिंतीला चिकटलेली असते. पेशी जिथे जन्मते तिथेच राहते. प्राण्याच्या पेशीला भिंत नाही. त्यामुळेच आपले स्नायू आखडतात, पांढऱ्या पेशी रक्तातून जखमेपर्यंत धावतात, जखमेच्या कडेच्या पेशी सरकत येऊन ती भरून काढतात. हीच मोकळीक बिघडलेल्या पेशीलाही मिळते. ती गाठीतून सुटते, रक्त किंवा लसिकेच्या वाटेने फुफ्फुस, यकृत, हाडापर्यंत पोहोचते. कर्करोगाने होणाऱ्या बहुतेक मृत्यूंमागे हा फैलावच असतो. म्हणूनच गाठ एका जागी असताना सापडणे आणि पसरल्यावर सापडणे, यात जीव वाचण्या-न वाचण्याइतका फरक पडतो.

टिश्यू कल्चर भारतात कसे रुजले?

पीएचडीनंतर रॉकफेलर फाऊंडेशनच्या शिष्यवृत्तीवर कमल अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या. तिथे डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतीसंवर्धन म्हणजे टिश्यू कल्चरचे तंत्र आत्मसात केले. याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण महिलेच्या गाठीतील पेशी शरीराबाहेर अखंड वाढू लागल्या. हेला या नावाने त्या आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहेत.

टिश्यू कल्चर म्हटले की शेतकऱ्याला केळीची रोपे आठवतात. इथे दोन्ही पेशींतला आणखी एक फरक कळतो. केळीच्या कोंबाचा कण योग्य द्रावणात ठेवला की त्यातून पुरे रोप तयार होते. माणसाच्या त्वचेची पेशी काचेच्या भांड्यात वाढवली, तर त्वचेच्याच पेशी मिळतात, अख्खा माणूस कधीच नाही. शिवाय प्राण्यांच्या पेशी फार नाजूक. त्यांना शरीराइतके, म्हणजे ३७ अंश सेल्सिअस तापमान लागते. क्षार, साखर, अमिनो आम्ले आणि रक्तद्रव यांचे मोजून केलेले खाद्य लागते. एक जिवाणू शिरला तरी सगळी मशागत वाया जाते.

मग एवढा खटाटोप कशासाठी? काचपट्टीवरची रंगवलेली पेशी मेलेली असते, ती एका क्षणाचे चित्र दाखवते. भांड्यातली पेशी जिवंत असते. ती वाढते कशी, औषधाने मरते का, विषाणू तिच्यात शिरला तर काय होते, हे रुग्णाला हात न लावता पाहता येते. निरोगी पेशी भांड्याच्या तळाशी एकेरी थर भरला की सहसा थांबतात. कर्करोगाच्या पेशी एकमेकींवर चढत राहतात.

मायदेशी परतल्यावर कमल यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. प्राण्यांच्या पेशींच्या संशोधनासाठीची ती देशातील अग्रणी प्रयोगशाळा ठरली. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राचा वारसा आज नवी मुंबईत खारघरच्या टाटा स्मारक केंद्रात पुढे चालू आहे.

उंदरांच्या अभ्यासातून काय कळले?

स्तनाचा कर्करोग आईकडून मुलीकडे येतो का, हा प्रश्न तेव्हा जगभर चर्चेत होता. उंदरांच्या काही वाणांत हा कर्करोग सर्रास होतो, काहींत क्वचित. कमल यांनी चार वाणांच्या माद्यांच्या निरोगी स्तनग्रंथींची सूक्ष्मदर्शीखाली तुलना केली. रोग होण्याआधीच ग्रंथींच्या रचनेत फरक असतो का, हे त्यांना पाहायचे होते. पुढे त्यांनी आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा एकमेकांवरील परिणाम तपासला. कर्करोगाला एकच कारण नसते, अनेक कारणे एकत्र येतात, ही आज रूढ झालेली समज अशा कामांतून घडत गेली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. काही वाणांच्या उंदरांत दुधावाटे विषाणू पिलात जातो आणि पुढे गाठ होते, हे खरे आहे. माणसात मात्र आईच्या दुधातून बाळाला स्तनाचा कर्करोग होत नाही. उलट अंगावर पाजणाऱ्या आईचा स्वतःचा धोका काहीसा कमी होतो.

सुपारीचे प्रकरण काय होते?

तोंडाचा कर्करोग हा भारताचा जुना आजार. तंबाखू घातक, हे कळू लागले होते, पण सुपारी निर्दोष मानली जात होती. पाहुण्यांना पानसुपारी देणे हा आपल्याकडे मानाचा भाग. साधी सुपारी खाणारा स्वतःला व्यसनी मानत नाही.

कमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची प्रयोगाने परीक्षा घेतली. हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या गालात दाणे साठवायची पिशवी असते. तिच्या आतले अस्तर तपासायला सोपे असते. संशोधकांनी त्यावर सुपारीचा आणि तंबाखूचा अर्क लावला. सुपारीच्या अर्कानेही त्या अस्तरात कर्करोगाच्या गाठी झाल्या. हे निष्कर्ष १९७६ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारी ही तंबाखूशिवायही माणसात कर्करोग घडवते, असे जाहीर केले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. सुपारी मात्र प्रत्येक पानटपरीवर खुली मिळते.

पदे आणि पुरस्कारांपलीकडे काय केले?

१९६६ ते १९७० या काळात कमल यांनी संशोधन केंद्राचे संचालकपद सांभाळले. त्यांनी पेशीजीवशास्त्र, कर्कजनन आणि प्रतिकारशास्त्र यांचे स्वतंत्र विभाग उभे केले. कुष्ठरोग्यांच्या गाठींतून मिळालेल्या जिवाणूंवरही त्यांनी काम केले आणि पुढे त्या जिवाणूंपासून लस बनवण्याचे प्रयत्न झाले. कर्करोग आणि कुष्ठरोगावर त्यांचे २०० हून अधिक शोधनिबंध आहेत. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

प्रयोगशाळेतल्या हुशार मुली लग्नानंतर घरी बसतात, हे त्या पाहत होत्या. १९७३ मध्ये ११ सहकाऱ्यांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेची स्थापना केली. निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यातील राजूर परिसरात गेल्या. तिथे आदिवासी मुलांचे पोषण आणि स्त्रियांचे आरोग्य यांवर त्यांनी काम केले. ज्या शास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर पेशींना मोजूनमापून खाद्य दिले, त्या उतारवयात मुलांच्या पोटात काय जाते, हे पाहत होत्या. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. २०२१ मध्ये त्यांच्या जन्मदिनी गुगलने सूक्ष्मदर्शीजवळचे त्यांचे चित्र आपल्या मुखपृष्ठावर झळकवले, तेव्हा अनेक मराठी वाचकांनी त्यांचे नाव पहिल्यांदा ऐकले.

सिरसाळ्याच्या वर्गात याचा काय उपयोग?

प्रात्यक्षिकातली दुसरी काचपट्टी पुन्हा पाहू. तीवर असतात गालाच्या आतल्या अस्तराच्या पेशी. त्या झिजतात, गळून पडतात, खालून नव्या येतात. म्हणूनच त्या न दुखता खरवडून मिळतात. अस्तराच्या पेशी सतत दुभंगत असल्याने चुकीची शक्यताही तिथे अधिक. गालात तंबाखूची किंवा सुपारीची गोळी धरली, की तिचा रस तासन् तास याच पेशींवर राहतो.

शाळेच्या सूक्ष्मदर्शीने कर्करोगाचे निदान होत नाही, ते तज्ज्ञाचे काम आहे. पण तज्ज्ञ पाहतो तेही हेच: केंद्रक किती मोठे, किती गडद, पेशी एकसारख्या की बेढब. तोंडातला चट्टा पांढरा किंवा लाल दिसत असेल, फोड दोन आठवड्यांत भरत नसेल, तोंड पूर्वीइतके उघडत नसेल किंवा तिखट अचानक झोंबू लागले असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दंतवैद्याला किंवा डॉक्टरला दाखवावे. त्या टप्प्यावर उपचार सोपे असतात आणि गुण येण्याची शक्यता मोठी असते.

वहीत फरकाचा तक्ता लिहिताना पहिल्या ओळीत वनस्पती पेशीला भित्तिका असते, प्राणी पेशीला नसते, असे लिहावे लागते. परीक्षेत त्याला गुण मिळतात. आपल्या पेशींना ती भिंत नाही, त्यामुळे एकदा बिघाड झाला की तो पसरू शकतो आणि तो लवकर शोधावा लागतो. कमल रणदिवे यांनी याच बिघाडाचा माग काढण्यात आयुष्य घालवले.